नव्या ट्यूबच्या रिफ्लेक्टरवर गुलाबी-हिरवे पट्टे का दिसतात? माल डुप्लिकेट असेल का?

कोल्हापूरच्या गुजरीत तुमचं चांदीचं दुकान, छताला नव्या फ्लुरोसंट ट्यूबच्या फिटिंग, आणि त्यांच्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे. मी अ‍ॅनोडायझिंगच्या कामातला आहे. एवढ्यावरून माल डुप्लिकेट ठरत नाही. पण चांदीच्या काउंटरवर असा रिफ्लेक्टर नकोच, हे माझं स्पष्ट मत.

आधी मऊ कापड साबणाच्या पाण्यात भिजवून एक कोपरा पुसा. तेलकट हात लागला असेल तर रंग जाईल. नाही गेला तर तो धातूवरच्या पारदर्शक थरातलाच आहे, मग घासत बसू नका. चिंच, लिंबू, कॉस्टिक तर अजिबात नको, थर खराब होतो.

अ‍ॅनोडायझिंग म्हणजे धातूवर ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढवणं. रिफ्लेक्टरवर तो जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. थोडा प्रकाश थराच्या वरून परततो, थोडा खालच्या धातूवरून. दोन्ही एकत्र आले की काही रंग उठतात, काही मरतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतं तेच हे. पत्रा वाकवलेला असल्यानं जागोजागी कोन बदलतो, म्हणून पट्टे. तुम्ही मान हलवली की तेही सरकतात.

अर्धं कारण ट्यूबमध्येच आहे. ट्राय-फॉस्फर ट्यूबचा (आतून तीन रंगांची चमकणारी पावडर लावलेली ट्यूब) प्रकाश पांढरा दिसतो, पण त्याचा जोर ठराविक अरुंद भागांवर असतो: मुख्यतः हिरवा ५४५ आणि लाल ६११ नॅनोमीटरच्या आसपास. उन्हात सगळे रंग सलग असतात, त्यामुळे पट्टे एकमेकांत मिसळतात. एक रिफ्लेक्टर उतरवून दुपारी दारात धरा, पट्टे एकदम फिके पडतील.

शिरोली एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगशेजारी पिवळा-जांभळा-निळा रंग चढतो, तो उष्णतेनं ऑक्साइडचा थर वाढून. ट्यूब एवढी तापत नाही, तेव्हा वायरिंगवर संशय घेऊ नका.

हुपरीचं पैंजण आरशासारखं असतं, वरचा गुलाबी डाग त्यात जसाच्या तसा उमटतो आणि गिऱ्हाईक चांदीवर शंका घेतं. म्हणून काउंटरवरच्या फिटिंगपासून सुरुवात करा. चांगल्या सीआरआयची (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) एलईडी ट्यूब लावली तर पट्टे बरेच कमी होतात, मात्र चोक आणि जोडणीचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. तरी खटकलं तर मॅट किंवा पांढरा पावडर कोटेड रिफ्लेक्टर घ्या. त्यानं प्रकाश जरा पसरतो, पण रंग येत नाही. चकचकीतच हवा असेल तर पट्टे न दिसणारा खास रिफ्लेक्टरही मिळतो. ऑर्डर देण्याआधी नमुना दुकानात आणून तुमच्याच ट्यूबखाली, शटर ओढून बघा.