घरात सापडलेला मेफिस्टोफेलिसचा जुना फ्रेंच पुतळा खरंच ब्राँझचा आहे का, हे कसं ओळखावं?

मेफिस्टोफेलिस म्हणजे फाउस्टच्या कथेतला सैतान. तुमच्या वर्णनानुसार पुतळा हातभर उंच आहे, हातांची घडी, टोपीत पीस, कमरेला तलवार, बैठकीवर 'गोतिए' असं नाव. तेवढं नाव वाचून दुकानदाराने 'अस्सल ब्राँझ' म्हटलं. मी जुन्या धातुमूर्तींची दुरुस्ती करतो, म्हणून सांगतो: नावावरून फार तर मूळ नमुना फ्रेंच शिल्पकार झाक-लुई गोतिएचा एवढं कळतं. तुमचा पुतळा कोणी, कधी, कशात ओतला हे त्यावरून कळत नाही.

नमुना १८५०च्या दशकातला. तेव्हा पॅरिसला फाउस्टचं, म्हणजे सैतानाला आत्मा विकणाऱ्या विद्वानाच्या कथेचं, वेड लागलेलं. जर्मन कवी गटेच्या नाटकाचा नेर्वालने केलेला फ्रेंच अनुवाद आणि चित्रकार दलाक्रवाची शिळाछाप चित्रं १८२८च्या सुमारास येऊन गेली होती, १८५९मध्ये संगीतकार गुनोचा ऑपेराही आला. सैतान थेट दिवाणखान्यात जाऊन बसला. शिल्पकाराने नमुना विकला की ओतशाळा खपेल तोवर प्रती काढायची. 'आठच प्रती' वगैरे बंधन तेव्हा नव्हतं. ज्यांना ब्राँझ परवडत नसे त्यांच्यासाठी जस्ताच्या प्रती निघत, वरून ब्राँझचा रंग दिलेल्या. जस्त ४२० अंशांना वितळतं, ब्राँझला त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून ते स्वस्त पडायचं.

(हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं प्रसिद्ध दुहेरी शिल्प, पुढून मेफिस्टोफेलिस आणि मागून फाउस्टची प्रेयसी मार्गारेटा, याच कथेतलं आहे. पण ते लाकडी, त्याच्याशी तुलना करू नका.)

आता पुतळा आडवा करा आणि बैठकीच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, सुईने बारीक ओरखडा काढा. आत पिवळसर-तांबूस झाक दिसली तर ब्राँझ किंवा पितळ, राखाडी-पांढरी दिसली तर जस्त. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारली तर ब्राँझ नाद धरतं, जस्त बद्द वाजतं. तलवारीचं टोक किंवा पीस तुटून राखाडी कड दिसत असेल तर प्रश्नच मिटला.

ब्राँझ निघालं तरी एवढ्यावर थांबू नका. तयार पुतळ्यावरूनच साचा घेऊन काढलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. मिशीची टोकं, पिसाच्या कडा अशी बारीक कामं तिच्यात बोथट होतात. मी तरी आधी मिशीच बघतो. खालचे स्क्रू अधिक-चिन्हाच्या खाचेचे असतील तर निदान जोडणी तरी अलीकडची आहे.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही लावू नका! तो काळपट-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, ओतशाळेत उष्णता आणि रसायनं देऊन मुद्दाम चढवलेला असतो. तो गेला की किंमतही पडते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, पुरे.

अमेरिकेतल्या भावाकडे पाठवण्याचं म्हणताय, ते तूर्त थांबवा. शंभर वर्षांपेक्षा जुनं शिल्प १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तपासून घ्या. त्यांनी पुरावस्तू नसल्याचा दाखला दिला, तरच पार्सल बांधा.