व्हीपॅटमध्ये सगळीकडे ‘सपोर्ट्स’ लिहून पाठवलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की दहा जणांची कंपनी आहे, अमेरिकेतल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीने डेमो बघून व्हीपॅट, म्हणजे अपंगांना तुमचं सॉफ्टवेअर कितपत वापरता येतं ते एकेका निकषापुढे लिहायचा फॉर्म, मागितलाय, शुक्रवारपर्यंत द्यायचाय, तर सगळीकडे सपोर्ट्स, म्हणजे ‘निकष पाळतो’, लिहून मोकळं व्हावं का. नका करू तसं. मी इंदूरलाच टेस्टिंगमध्ये आहे आणि हेच आमच्याकडे घडलेलं मी बघितलंय.

आधी एक समजून घ्या, व्हीपॅट म्हणजे सर्टिफिकेट नाही, कोणी तपासून ठप्पा मारत नाही. आयटीआय या अमेरिकन उद्योगसंघटनेच्या साइटवर कोरा फॉर्म फुकट मिळतो, आपण भरला की त्याचा एसीआर, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीचा रिपोर्ट होतो, आपल्या मालाबद्दल आपणच लेखी दिलेलं असतं. फॉर्म चार प्रकारचे आहेत, अमेरिकेच्या सेक्शन 508 या कायद्याचा, युरोपचा, नुसत्या डब्ल्यूकॅगचा (वेबच्या ॲक्सेसिबिलिटीचे जागतिक निकष) आणि सगळं एकत्र असलेला. कोणता हवा ते गिऱ्हाइकालाच विचारा. 2024 च्या नियमाने तिथल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांना डब्ल्यूकॅग 2.1 ची एए लेव्हल लागू केलीय, म्हणजे ए आणि एए मिळून 50 निकष.

आमच्या आधीच्या कंपनीत फी आणि हजेरीचं सॉफ्टवेअर होतं. सेल्सवाल्याने एका संध्याकाळी बसून सगळीकडे सपोर्ट्स भरलं आणि पाठवलं. समोरच्या बाईंनी एकच विचारलं, कोणत्या स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर), कोणत्या ब्राउझरमध्ये तपासलंत? कोणाकडेच उत्तर नव्हतं, कारण तपासलंच नव्हतं. काम तिथेच थांबलं.

मग रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींच्या मुलाला बोलावलं, त्याला दिसत नाही, कॉलेजचं सगळं तो एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर करतो. सकाळी अकराला बसला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत फी भरायच्या तारखेवरच अडकलेला, कारण कॅलेंडर फक्त माउसनेच उघडायचं, आणि वरच्या आयकॉन्सना नावंच दिलेली नव्हती म्हणून त्याच्या कानात नुसतं बटन, बटन, बटन. शेवटी त्याने विचारलं, ताई, यातलं डिलीट कोणतं? तीन वर्षं मी ते सॉफ्टवेअर टेस्ट करत होते आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तुम्ही सपोर्ट्स लिहाल ना, तर असा कोणीतरी तिकडे त्यावर भरवसा ठेवून बसणार आहे.

म्हणून सरळ दोन आठवडे मागा. माउस बाजूला ठेवा आणि लॉगिनपासून पावतीपर्यंत टॅब, एंटर आणि बाणांच्या कीजवर जाऊन बघा, मग तेच एनव्हीडीए लावून, तो फुकट आहे. ॲक्स (axe) किंवा वेव्ह (WAVE) सारखी आपोआप तपासणारी टूल्स जरूर चालवा, 4.5 ला 1 चा कॉन्ट्रास्ट, लेबल नसलेल्या फील्ड असलं ती पटकन पकडतात, पण चित्राचं वर्णन लिहिलंय ते त्या चित्राचंच आहे का हे टूलला कळत नाही, ते माणसानेच बघायचं.

खरा जीव रिमार्क्सच्या रकान्यात आहे. तिथे असं लिहा: ‘2.1.1 कीबोर्ड, पार्शली सपोर्ट्स. बहुतेक स्क्रीन कीबोर्डवर चालतात, फी भरण्याच्या स्क्रीनवरचं कॅलेंडर चालत नाही, तारीख टाइप करता येते.’ वाचणाऱ्याला लगेच कळतं कुठे अडेल आणि वाट कोणती. व्हिडिओच नसेल तर कॅप्शनला नॉट ॲप्लिकेबल ठीक आहे, पण नॉट इव्हॅल्युएटेड फक्त सगळ्यात वरच्या एएए लेव्हललाच चालतं, बाकी ठिकाणी तपासावंच लागतं. वर व्हर्जन, तारीख आणि कशावर तपासलं ते लिहा, आणि मोठं अपडेट आलं की रिपोर्टही नवा काढा, जुनाच फिरवू नका.

तपासायला रोज स्क्रीन रीडर वापरणारं कोणी हवं असेल तर मेसेज करा, त्या मुलाला विचारून सांगते. फक्त त्याच्या वेळेचे पैसे द्या, तुमच्या टेस्टरला देता तेवढेच.