मेकअप ब्रश धुवायचेत? एवढंच कर

अगं घाबरू नकोस, महागडं क्लीनर वगैरे आत्ता काहीच घेऊ नकोस, घरातला बेबी शाम्पू पुरतो. वाटीत कोमट पाणी आणि शाम्पूचे दोन-चार थेंब, त्यात फक्त केसांची टोकं बुडवायची आणि तळहातावर हलकं गोल गोल फिरवायचं, मग नळाखाली ब्रशचं तोंड खाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. फाउंडेशनच्या ब्रशला हे दोन-तीनदा करावं लागतं, आतल्या केसांत लपलेलं बाहेर यायला वेळ लागतो, कंटाळू नकोस.

नवीन असताना सगळे हेच करतात, ते टाळ:

- ब्रश मगात भिजत घालणं. केस आणि दांडी जोडणाऱ्या धातूच्या पट्टीत पाणी गेलं की आतला गोंद सुटतो, मग केस गळायला लागतात आणि आपण कंपनीला शिव्या घालतो.
- कढत पाणी. गोंदाचं तेच होतं.
- धुऊन पेल्यात उभे करून ठेवणं. पाणी खाली उतरतं, परत तेच!

टॉवेलने दाबून पाणी काढ, बोटांनी आकार दे आणि टेबलाच्या कडेला आडवे ठेव, केस कडेबाहेर. रात्री धुतले की पंख्याखाली सकाळपर्यंत बहुतेक वाळतात, पावसाळ्यात मात्र जाड ब्रशला जास्त वेळ दे, ओलसर असताना पाऊचमध्ये कोंबलास तर वास येणारच.

फाउंडेशनचा आठवड्यातून एकदा, पावडरचे पंधरा दिवसांनी चालतील. स्पंज मात्र रोज धू बाई.