नवा ट्रक घाटात बंद पडतो आणि वर्कशॉप डिझेलला दोष देतं

प्रश्न : वकीलसाहेब, मी निफाड तालुक्यात राहतो. सात महिन्यांपूर्वी सहा चाकी ट्रक घेतला. चेसिस २१ लाखांची, बॉडी बाहेर अडीच लाखांत बांधून घेतली. कर्ज २० लाख, हप्ता ४३ हजारांच्या वर. गाडी मीच चालवतो, लांबच्या फेरीला मेहुणा सोबत असतो. लासलगावचा कांदा वाशीला नेतो. दुसऱ्या महिन्यापासून चालती गाडी अचानक बंद पडते, तापलेली असली की सेल्फ मारून मारून चालू होत नाही, अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू होते. चार वेळा वर्कशॉपला दिली. एकदा डिझेल फिल्टर बदलला, एकदा सेन्सर, एकदा वायरिंग, एकदा बॅटरी. गेल्या महिन्यात भरलेली गाडी कसारा घाटात बंद पडली. आता वर्कशॉप म्हणतं, डिझेल भेसळीचं आहे, वॉरंटीत बसत नाही. शोरूम म्हणतं कंपनीला विचारा. गाडी बदलून मिळेल का? तोवर हप्ते थांबवले तर चालेल का? आणि मित्र म्हणतात, गाडीला गाढवं जुंपून शोरूमसमोर ने. न्यावी का?

उत्तर : सगळ्यात आधी कायद्याबाहेरची एक गोष्ट. हा दोष सापडेपर्यंत माल भरून घाटात उतरू नका. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय विम्याच्या पॉलिसीत गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट असते. चार जॉब कार्डं, म्हणजे वर्कशॉपने तक्रार आणि दुरुस्ती लिहून दिलेले कागद, खिशात असताना अपघात झाला, तर 'माहीत असून गाडी काढली' हा ठपका तुमच्यावर येईल.

आता खटल्याकडे. तुम्ही न विचारलेला एक प्रश्न समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढेल : तुम्ही 'ग्राहक' आहात का? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) नुसार व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. ट्रक भाड्यावर चालतो, म्हणजे धंदा आला, असा त्यांचा युक्तिवाद असेल. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू या बंदीतून वगळली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिलं तेच मुळी ट्रकचं : स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहकच. पुढे २००९ मध्ये मदनकुमार सिंह यांच्या प्रकरणात, तिथे ट्रक लिलावात घेतलेला होता, ड्रायव्हर ठेवला म्हणून उदरनिर्वाहाचा हेतू जात नाही असंही न्यायालय म्हणालं. त्यामुळे मेहुण्याची काळजी करू नका.

मात्र हे स्पष्टीकरण आपल्याला लागू होतं हे आपणच दाखवायचं असतं. तक्रार अर्जातच स्वच्छ लिहा की हा एकच ट्रक आहे, तो मी स्वतः चालवतो आणि घर त्यावर चालतं. सोबत व्यावसायिक वाहनाचं लायसन्स, रेशनकार्ड, बँकेचा उतारा जोडा. हे वाक्य अर्जात राहून गेलं म्हणून चांगल्या तक्रारी पहिल्याच पायरीवर अडकतात. गाडीच्या कपाळावर 'अमुक ट्रान्सपोर्ट कंपनी' असं रंगवलं असेल तर त्याने काही बिघडत नाही, पण बिल जीएसटी नंबर टाकून एखाद्या फर्मच्या नावावर घेतलं असेल तर मला आधी सांगा. चार-पाच गाड्यांचा मालक असता तर मी तुम्हाला ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवला असता. तिथे वस्तुविक्री कायदा, १९३० कामाला येतो, पण वेळ आणि खर्च दोन्ही जास्त.

तुमचं प्रकरण नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठल्याही राज्यात असलं तरी तुम्हाला तिकडे जायचं नाही. २० ते ५० लाखांच्या वस्तूला फी १,००० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. शेवटच्या बिघाडापासून मोजू नका, पहिल्यापासून मोजा.

खरी लढाई 'दोष' सिद्ध करण्याची आहे, आणि तुमचा दोष लपंडाव खेळणारा आहे. थंड गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. आयोगाने नेमलेला तज्ज्ञ सकाळी येणार, चावी फिरवणार, इंजिन गुरगुरणार आणि अहवालात 'चाचणीत दोष आढळला नाही' असं लिहून तो निघून जाणार. अशा अहवालाने खटला बुडतो. म्हणून कलम ३८(२)(क) खाली तपासणीचा अर्ज आपण सुरुवातीलाच द्यायचा आणि तपासणी कशी करायची तेही त्यात मागायचं : गाडी माल भरून, चढावर, इंजिन तापेपर्यंत चालवावी, तापलेलं इंजिन बंद करून पुन्हा चालू करून पाहावं, आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, साठलेले जुने फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) वाचावेत. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यांत्रिकी विभाग, पुण्याची एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था किंवा आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक, यांपैकी कोणीतरी नेमावा असं सुचवता येतं. यातला माझा पहिला कल महाविद्यालयाकडे, कारण निरीक्षकाची तपासणी बहुतेक वेळा गाडी रस्त्यावर चालण्यालायक आहे का एवढ्यापुरती असते. तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागेल.

फॉल्ट कोडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्याकडे येणारे ट्रकमालक नेमके तिथे गाफील असतात. बीएस-६ डिझेल इंजिनात बंद पडण्याची कारणं अनेक असू शकतात : पंपाने एअर घेणं, रेल प्रेशर कमी पडणं, क्रँक सेन्सर तापल्यावर दगा देणं, वायरिंगच्या जोडात सैलपणा. यातलं काय घडलं याची नोंद बहुतेक वेळा ईसीयू ठेवतो. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावतात, कोड वाचतात, पार्ट बदलतात आणि कोड पुसून टाकतात. तुमचा साक्षीदार तिथे प्रत्येक भेटीत पुसला जातोय. पुढच्या वेळी पुसण्याआधीची स्कॅनरची प्रिंट मागा. नाही दिली तर स्क्रीनचा फोटो घ्या, तेही जमलं नाही तर 'प्रिंट मागितली, दिली नाही' असा ईमेल त्याच दिवशी करा. नव्या गाड्यांत टेलिमॅटिक्स, म्हणजे गाडीची माहिती कंपनीला पाठवणारी यंत्रणा, असतं. कधी, कुठे, किती वेगात इंजिन बंद पडलं हे कंपनीच्या सर्व्हरवर असू शकतं. ती माहिती जपून ठेवा आणि आम्हाला द्या, अशी मागणी नोटिशीत करायची.

जॉब कार्डावरही तुमचे शब्द आहेत का ते पाहा. 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' एवढंच लिहिलेलं असतं. तुम्ही मात्र 'कसारा घाटात चालत्या गाडीचं इंजिन बंद, ४० मिनिटं चालू झालं नाही' असं लिहायला लावा. गाडी परत घेताना 'काम समाधानकारक' या रकान्यात सही मागतात. तिथे 'चालवून पाहिल्यावर सांगेन' असं लिहून मग सही करा. सुपरवायझर तोंड वाकडं करेल, करू द्या. चारही जॉब कार्डांच्या प्रती आजच मिळवा, कारण वेगवेगळे चार पार्ट बदलूनही तक्रार तीच राहिली, हाच आपला सगळ्यात बोलका पुरावा आहे. त्यांना मूळ रोग सापडलेला नाही, हे त्यांच्याच शिक्क्याने लिहिलेलं आहे.

भेसळीच्या आरोपाला मी फार घाबरत नाही. भेसळ आहे असं म्हणणाऱ्याने ते दाखवायला हवं. नमुना कधी काढला, तुमच्या समोर काढला का, सील केला का, कुठे तपासला? नुसतं 'डिझेल काळपट दिसलं' हा पुरावा होत नाही. पहिल्या तीन भेटींत फिल्टर आणि वायरिंग पाहणाऱ्या त्याच लोकांना डिझेल खराब दिसलं नव्हतं, हेही विचारायचं. तुम्ही मात्र पंपाची बिलं जपा, शक्यतो एकाच पंपावर भरा, आणि तिथे घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क असतो तो वापरा. दुसरा वार बॉडीवरून येईल. बॉडी बिल्डरने मागचे दिवे जोडताना कंपनीचं वायरिंग कापलं, म्हणून बिघाड, असं म्हणतील. यात कधीकधी तथ्य असतं, तेव्हा बॉडीवाल्याचं बिल आणि त्याने जोड कुठून घेतला याचे फोटो आताच घेऊन ठेवा. रस्त्यात एखाद्या मिस्त्रीने एअर काढून दिली तर ठीक, पण पंप किंवा इंजेक्टर बाहेर उघडू देऊ नका. सील तुटलं की वॉरंटीचा विषय संपला असं समजा.

गाडी बदलून मिळेल का? मागायची जरूर, पण त्यावर संसार उभा करू नका. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष पार्ट बदलून देण्याचं वचन असेल तर त्यातून अख्खी गाडी बदलून देण्याचं बंधन निघत नाही. उलट २०१० च्या सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितली आणि मूळचा उत्पादनदोष निघाला तर किंमत व्याजासह परत करावी असा आदेश दिला. दोन्ही निकालांच्या मधला काटा तज्ज्ञाचा अहवाल आहे. तुमची गाडी आता बरीच फिरली असणार, आणि इतके किलोमीटर धावलेली गाडी सदोष कशी, हे वाक्य ते दर तारखेला म्हणतील. म्हणून मागण्या पर्यायी ठेवायच्या : गाडी बदलून द्या, नाहीतर किंमत व्याजासह परत करा, नाहीतर इंधनप्रणाली आणि वायरिंग पूर्ण नवं बसवून वॉरंटी वाढवून द्या, आणि यांपैकी काहीही झालं तरी नुकसानभरपाई वेगळी. माझा अंदाज विचाराल तर तिसरा पर्याय आणि भरपाई, एवढं पदरात पडण्याची शक्यता जास्त.

भरपाई तोंडी सांगून मिळत नाही. बंद पडलेल्या दिवसांची हुकलेली भाडी बिल्ट्यांवरून (माल वाहून नेल्याच्या पावत्यांवरून) आणि आधीच्या महिन्यांच्या फास्टॅग उताऱ्यावरून दाखवता येतात. टोइंगची पावती, उशीर झाला म्हणून व्यापाऱ्याने भाड्यातून कापलेल्या पैशांची चिठ्ठी, सगळं एका फायलीत लावा.

तक्रारीत शोरूम आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करायचं, आणि कोणी काय केलं नाही हे वेगवेगळं लिहायचं. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात, जुनी गाडी नवी म्हणून विकल्याची तक्रार होती ती, सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला सोडलं, कारण विक्रेत्याच्या कृत्यात कंपनीचा हात कसा होता हे तक्रारीत नीट मांडलेलंच नव्हतं. तुमचा आरोप उत्पादनदोषाचा आहे, त्यामुळे कंपनीला सुटणं तितकं सोपं नाही, पण त्यासाठी टोल फ्री नंबरवरच्या तक्रारींचे क्रमांक आणि कंपनीला केलेले ईमेल हवेत. अजून ईमेल केला नसेल तर आज रात्री करा.

हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार फायनान्सवाल्याशी आहे, ट्रक बिघडला म्हणून तो थांबत नाही. आरसीवर त्यांचा बोजा आहे. हप्ते थकले की ते गाडी ताब्यात घ्यायला येतील. गुंड पाठवून गाडी ओढून नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर प्रकरणात बजावलं आहे, पण कायदेशीर मार्गाने नेली तरी तपासायची वस्तूच हातातून जाईल. झेपत नसेल तर जॉब कार्डांच्या प्रती जोडून मुदत वाढवून मागा.

गाढवांचं म्हणाल तर व्हिडिओ चालेल, दोन दिवस तालुक्यात नाव होईल, आणि शोरूमवाला रस्ता अडवल्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाईल. त्याऐवजी तीच दुपार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्यात घालवा. अनेक कंपन्या तिथे आलेल्या तक्रारीला उत्तर देतात, आणि ते लेखी उत्तर पुढे आपल्या कामी येतं.

त्यानंतर नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टने पोचपावतीसह आणि ईमेलने. नोटीस पोचली की बहुतेक वेळा शोरूममधून फोन येतो, 'या, बसून बोलू.' जरूर जा. गाडी पुन्हा तपासायला देतो म्हणाले तर द्या, पण काय काय बदलणार आणि तेवढे दिवस भाड्याचं काय, हे कागदावर घ्या. एखादा इंजेक्टर फुकट बसवून समोर कागद ठेवतील, त्यात 'आता माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही' असं वाक्य कुठेतरी असेल. तो कागद तिथे सही न करता फोटो काढून मला पाठवा.