दहावीचं वर्ष आणि उधाणपूर

नकाशा मधोमध फाटलेला होता आणि मागून चिकटपट्टी लावून जोडलेला. फाडला मुक्ताच्या वडिलांनी. जोडलाही त्यांनीच, त्याच रात्री, सगळे झोपल्यावर. हे मला मुक्ताच्या आईकडून पुढे कधीतरी फोनवर कळलं. वाशीला माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आले तेव्हा गृहस्थांनी ती भलीमोठी गुंडाळी टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, हिची दहावी आहे. सहामाहीला गणितात ८० पैकी ३१. आणि घरात हे धंदे."

मुक्ता हे नाव मी दिलेलं. ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही बदललेत. कुटुंब घणसोलीकडच्या एका गावठाणातलं, आगरी. वडिलांचा रेती-सिमेंट पुरवायचा व्यवसाय. त्याचे हिशेब आई सांभाळते. घरात आजी. मुलगी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि गेली दोन वर्षं ती मनाने रचलेलं एक शहर कागदावर काढतेय. नाव उधाणपूर.

निघताना वडील मागे रेंगाळले. मुलगी लिफ्टपाशी पोचल्यावर हळूच म्हणाले, "डोक्यावर परिणाम वगैरे नाही ना? रात्री एकटीच बडबडते. इथे पाणी तुंबेल, तिथे पाणी तुंबेल, असलं काहीतरी."

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळे कपडे घालून येतो. कुणाचा मुलगा स्वतःची लिपी बनवतो, कुणाची मुलगी नसलेल्या देशातल्या राजांची वंशावळ लिहिते. ठाण्याहून येणारा एक मुलगा तर लोकलचं आख्खं वेळापत्रक तयार करायचा, अस्तित्वात नसलेल्या स्टेशनांचं, रविवारच्या मेगाब्लॉकसकट. आईवडील तोंडाने म्हणतात, वेळ वाया जातोय. पोटात भीती असते ती वडिलांनी लिफ्टपाशी विचारली ती.

रचलेल्या जगांना मानसशास्त्रात 'पॅराकोझम' म्हणतात. १९७०च्या दशकात रॉबर्ट सिल्व्ही नावाच्या इंग्रज गृहस्थांनी लोकांकडून त्यांच्या लहानपणच्या अशा जगांच्या हकिगती गोळा केल्या. हे बीबीसीत श्रोत्यांच्या आवडीनिवडींचा अभ्यास करायचे, आणि लहानपणी त्यांनी स्वतःही असा एक देश रचला होता. पुढे स्टीफन मॅककीथ या मानसोपचारतज्ज्ञांनी ते काम तडीस नेलं. थोडक्यात, मुलं असं करतात, आणि करणारी बहुतेक मुलं ठणठणीत असतात.

बहुतेक म्हटलं, सगळी नाही. म्हणून मी आधी साध्या गोष्टी विचारते. झोप किती? जेवायला हाक मारली तर येते का, कुरकुरत का होईना? शाळा बुडते का? एखादी तरी मैत्रीण आहे? हे सगळं आपणच रचलंय हे पक्कं ठाऊक आहे ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यातून उठता येतं का? काहींना उठताच येत नाही. तासन्‌तास मनातल्या मनात तेच चालू राहतं, नको असलं तरी थांबत नाही, अभ्यास, माणसं, झोप सगळं मागे पडतं आणि त्याचा त्रास त्यांना स्वतःलाच होत असतो. इस्रायलचे एली सोमर यांनी २००२ मध्ये अशा दिवास्वप्नांवर लिहिलं होतं. तशी मुलं मीही पाहिली आहेत. त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, त्यात वेळ घालवत नाही.

मुक्ता त्यातली नव्हती. साडेदहाला झोपायची, शेजारच्या मैत्रिणीबरोबर शाळेत जायची, डब्यात सुकट असली की खूष. आणि ती बडबड म्हणजे हिशेब होता.

दुसऱ्या भेटीत खुर्च्या भिंतीला लावल्या आणि नकाशा जमिनीवर पसरला. नऊ कार्डशीट जोडलेली, माझी खोली पुरेना. कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं, १ सेंमी = २० मी. मी म्हटलं, मला काही कळत नाही, तू फिरवून आण. आधी जरा अवघडली. मग गुडघ्यांवर बसली आणि चालू झाली.

उधाणपूर खाडीकाठी आहे. वस्ती ६० हजार. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरलं की ८१ लाख लिटर झाले. तेवढं आणायचं कुठून आणि वापरून झाल्यावर सोडायचं कुठे, यावर दोन वह्या. कुठल्याही दारातून ४०० मीटरच्या आत बसथांबा, म्हणजे नकाशावर २० सेंटिमीटर. ते मोजायला तिने दोऱ्याला गाठी मारल्या होत्या. मासळीबाजाराचे ओटे पूर्वेकडे तोंड करून, कारण संध्याकाळचं ऊन मासळीवर आलं की माल उतरतो. बाजारात बायकांसाठी संडास. फ्लेमिंगो उतरतात त्या पट्ट्यात रस्त्याला दिवे नाहीत. मी विचारलं, मग रात्री लोक कसे जाणार? म्हणाली, "रात्री तिकडे काय काम आहे लोकांचं?"

एका जागी निळी रेघ अचानक वाकडी होती. "हे पप्पांनी तिरकं चिकटवलं ना, तिथे. मुख्य नाला ४० मीटर सरकला." मी मोजलं. बरोबर दोन सेंटिमीटर.

"मग परत नीट चिकटवायचं नाही का?"

"नको. तिथे वळण दिलं. वळणावर पाणी जरा हळू होतं."

आणि इथे मी माती खाल्ली. उत्साहाच्या भरात म्हणाले, "अगं, हे सगळं गणितच तर आहे! प्रमाण, गुणाकार, क्षेत्रफळ. मग शाळेतल्या गणिताला का घाबरतेस?" माझ्या दृष्टीने केवढं कौतुक होतं ते. मुक्ता 'हो' म्हणाली, स्केचपेनांना टोपणं लावली आणि गुंडाळी करायला घेतली. पुढची वीस मिनिटं हो आणि नाही, एवढंच. इतकी वर्षं या खुर्चीत बसूनही हे होतं. पोर हौसेने काहीतरी दाखवतं आणि आपल्याला लगेच ते कामाला लावायची घाई होते.

तिसऱ्या वेळी तिला वह्या आणायला सांगितलं, आणि तोंड बंद ठेवायचं ठरवलं. वह्या चाळताना एक दिसलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख होती. "इंजिनियर लिहितात म्हणून." वडिलांचा समज सरळ होता: नकाशामुळे मार्क गेले. तारखा उलटं सांगत होत्या. नववीभर आठवड्याला एखादं पान. दहावीच्या पहिल्या चाचणीचे गणिताचे मार्क कळले त्या आठवड्यात अकरा पानं. सहामाहीनंतर रोज एक. मार्क आधी गेले होते. नकाशा वाढला तो नंतर.

मग गणिताकडे वळलो, उधाणपूरचं नावही न काढता. ही सगळी मुलं लॉकडाऊनच्या तडाख्यातली. हिची पाचवी आणि सहावी मोबाईलवर गेली, तोही घरात एकच आणि दिवसा पप्पांच्या खिशात. अपूर्णांक, वजा-अधिक हे त्या दोन वर्षांतलं. कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं बदलतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. बीजगणिताचं प्रत्येक उदाहरण तिथे येऊन फसायचं. क्लासमध्ये ऐंशी पोरं, त्यात सहावीतलं कोण विचारणार? क्लासहून यायची ती थेट उधाणपूरला जायची. तिथे तिला सगळं येत होतं.

उपाय तसा साधाच निघाला. गावातलीच एक बीएस्सी करणारी ताई, आठवड्यातून तीन संध्याकाळ, सुरुवात सहावीच्या पुस्तकापासून. मुक्ताची एकच अट होती, पुस्तकाला कव्हर घालायचं, कुणाला दिसायला नको. आईने दहावीचंच कव्हर घातलं.

राहिले वडील. त्यांच्याशी एकट्याने बोलायला बसले आणि तयारीनिशी एक दाखला दिला. म्हटलं, "तुम्ही राहता ते नवी मुंबईही आधी कागदावरच होतं. चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता हे वास्तुविशारद आणि शिरीष पटेल हे इंजिनियर, या तिघांनी १९६५ मध्ये 'मार्ग' मासिकात मांडलं की खाडीपलीकडे नवं शहर वसवा. तेव्हा कुणाला खरं वाटलं असतं? पाच वर्षांत ते वसवायला सिडको उभी राहिली."

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आणि मॅडम, त्या कागदावर आमचं शेत कुठे होतं?"

मला उत्तर नव्हतं.

९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली हे मला माहीत होतं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, उरण तालुक्यातल्या जासईकडे गोळीबार होऊन पाच माणसं गेली, त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, हेही वाचलेलं. पण हे आपल्यासमोर बसलेल्या माणसाच्या घरात घडलंय, हे डोक्यात आलं नव्हतं. त्यांचे वडील ऑफिसांत खेटे घालताना असाच नकाशा उघडून बघायचे, आपला तुकडा शोधायचे. "आमच्या घरात नकाशा आला की काहीतरी जातं," ते म्हणाले. मुलीचा कागद फाडताना हे त्यांच्या मनात होतं का, मी विचारलं नाही. बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी फक्त म्हटलं, "तिच्या नकाशात गावठाण कुठे आहे, बघितलंत?"

बघितलं नव्हतं. फाडला होता, जोडला होता, पण पाहिला नव्हता. चिकटपट्टी मागून लावली होती ना.

पुढच्या वेळी आईला काम होतं म्हणून मुक्ताला घेऊन वडील आले, बरोबर आजी. नकाशा पसरला. मधोमध तीन गावं, त्यांच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या तशाच, आणि रस्ते त्यांना वळसा घालून गेलेले. मुक्ताने गावं आधी काढली होती, शहर नंतर. आजी खुर्चीतून वाकून बघत होती. खाडीच्या कडेला जागोजागी लाल चौकटी होत्या, त्यांवर अक्षर 'उ'. मी उद्यान समजत होते.

"उघाडी," आजी म्हणाली.

मी नवी मुंबईत बावीस वर्षं राहतेय आणि हा शब्द मला नवा होता. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भातशेती करायची तर खारं पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा, आणि त्या बांधात झडपेचं दार ठेवायचं, ती उघाडी. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. नवी मुंबईतले धारण तलाव याच तत्त्वावर चालतात: भरतीच्या वेळी धो-धो पाऊस आला तर पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला खाडीत सुटतं. मुक्ताने तलाव भूगोलाच्या प्रकल्पासाठी पाहिले होते. झडप तिला आजीने सांगितली होती, रात्री पाय चेपता चेपता.

आजीने बोट ठेवून एक उघाडी चुकीच्या जागी असल्याचं सांगितलं. तिथे गाळ बसेल. मुक्ता आणि आजी त्यावर दहा मिनिटं भांडल्या. वडील उभेच होते. मग खाली बसले, चष्मा काढून पुसला, आणि विचारलं, "हा रस्ता किती फुटी?"

गोष्ट इथे संपली असती तर मला फार बरं वाटलं असतं. पण आईने सहज विचारलं, याचं शिक्षण असतं का, आणि मीही सांगून बसले. आर्किटेक्चरची पदवी पाच वर्षांची, त्यासाठी नाटा ही प्रवेशपरीक्षा किंवा जेईईचा दुसरा पेपर. नगररचनेची वेगळी, चार वर्षांची. बारावीला गणित लागतं, म्हणजे आताच ते सोडायचा विचार नको. माहिती चुकीची नव्हती, वेळ चुकली. आठवड्यात वडील एका क्लासला आगाऊ पैसे भरून आले. नातेवाइकांत सांगून झालं, आमची आर्किटेक्ट होणार. मुक्ताने तीन आठवडे पेन उचललं नाही.

"आता ते माझं राहिलं नाही," ती मला म्हणाली. "आता तो पोर्टफोलिओ आहे."

आधी त्यांनी कागद फाडला होता, आता क्लास लावला होता, आणि दोन्ही वेळा त्यांना मुलीचं भलंच करायचं होतं. एवढ्या साध्या माणसाला हे कसं समजवावं? शेवटी विचारलं, तुम्ही भजनाला पखवाज वाजवता ना, उद्या कुणी म्हणालं की यातून महिना अमुक इतके आले पाहिजेत, तर? ते हसले. क्लासचे पैसे परत मिळाले नाहीत, तो वेगळा विषय. तिला आर्किटेक्ट व्हायचंय का, हे तिला आज ठाऊक नाही. मागच्या महिन्यात नर्सिंगचं बोलत होती. पंधराव्या वर्षी तेवढं चालतं.

पूर्वपरीक्षेत गणितात ४७ आले. डोंगर हलला नाही, पण कंसाबाहेरचा वजा आता कळतो. नकाशाला दिवसाला पाऊण तास, ती वेळ तिनेच ठरवलीय. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस उधाणपूर बंद, असं भिंतीवर लिहून ठेवलंय. खाली 'आदेशावरून, नगराध्यक्ष'.

परवा वडिलांचा फोन आला. मला वाटलं परीक्षेचं काही असेल. आवाज तक्रारीचाच होता.

"मॅडम, जरा सांगा हिला. उधाणपुरात माझ्या रेतीच्या डेपोला जागाच देत नाही. खाडीतली रेती काढायला बंदी आहे म्हणते. बरं, सिमेंटचं तरी गोदाम दे म्हटलं, तर शहराबाहेर चार किलोमीटर. चार! ट्रकचं भाडं कोण देणार?"

मागून मुक्ताचा आवाज ऐकू आला. "साडेतीनवर या, मग बघू."