कलरचं स्पेलिंग बदलायचंय, अ‍ॅट्रिब्यूट उडवू का?

प्रश्न: आमचं कपड्यांचं ऑनलाइन दुकान वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवायच्या प्लगइनवर) आहे आणि गिऱ्हाईक बहुतेक ब्रिटनमधलं. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे मालाच्या रंग-साइझसारख्या गुणधर्मात, कलर अमेरिकन स्पेलिंगने (color) पडलंय, ते ब्रिटिश (colour) करायचंय, वर मार्केटिंगवाले म्हणतात 'शेड' लिहा आणि रंगांना आपल्या ब्रँडची नावं द्या. जुनं डिलीट करून नवीन बनवलं तर चालेल का?

उत्तर: डिलीटच्या बटणाला हातही लावू नका! सगळी व्हेरिएशन (एकाच मालाचे लाल, निळा असे प्रकार) त्या अ‍ॅट्रिब्यूटला बांधलेली असतात, ते उडालं की आपण लाल का निळं हेच त्यांना कळत नाही आणि मग एकेक प्रॉडक्ट उघडून बसा. प्रॉडक्ट्समध्ये अ‍ॅट्रिब्यूट्स उघडा, एडिट करा, तिथे नाव आणि स्लग (लिंकमध्ये नि कोडमध्ये वापरलं जाणारं आतलं नाव) असे दोन रकाने दिसतील. गिऱ्हाइकाला दिसतं ते नाव, ते खुशाल बदला. स्लग आहे तसाच राहू द्या, कारण तो बदलला तर वूकॉमर्स आपल्या डेटाबेसमध्ये सगळं जुळवून घेतं पण फिल्टरच्या जुन्या लिंका आणि थीममध्ये कुणी लिहून ठेवलेला कोड यांना त्याचा पत्ताच नसतो. अमेरिकन गिऱ्हाइकाला वेगळं स्पेलिंग दाखवायचं असेल तर डेव्हलपरला वूकॉमर्स अ‍ॅट्रिब्यूट लेबल (woocommerce_attribute_label) या कोडमधल्या फिल्टरबद्दल सांगा, छोटंसं काम आहे.

'शेड' मला स्वतःला लिपस्टिकच्या पानावर बरं वाटतं, शर्टावर नाही, पण ती तुमची मर्जी. ब्रँडच्या नावांचं मात्र जपून करा. नेव्ही ब्लू शोधणारा माणूस फिल्टरमध्ये 'मिडनाइट टाइड'वर कशाला क्लिक करेल? साध्या रंगाचं एक अ‍ॅट्रिब्यूट फिल्टरसाठी ठेवा आणि तुमचं गोंडस नाव व्हेरिएशनच्या दुसऱ्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये घाला.

आणि स्पेलिंगपेक्षा मोठा घोळ होतो तो शब्दांचा नि साइझचा, तो तुम्ही विचारलाच नाहीत. ब्रिटनमध्ये पँट्स म्हणजे आतली चड्डी आणि व्हेस्ट म्हणजे बनियन, अमेरिकेत तोच व्हेस्ट कोटाखालचं जाकीट होतो. बायकांच्या ड्रेसचा अमेरिकन 8 म्हणजे ब्रिटनचा साधारण 12, त्यामुळे नुसता आकडा लिहू नका, टर्मच्या (साइझच्या यादीतल्या एकेका पर्यायाच्या) नावातच 'यूके 12' असं टाका, नाहीतर स्पेलिंग सुधारून पण माल परत यायचा तो येतच राहील.