बायको दुसऱ्याबरोबर प्रेमगीत गाते तेव्हा

आमच्याकडे समुपदेशनाला आलेलं फोंड्याचं जोडपं, लग्नाला नऊ वर्षं झालेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ऑफिसच्या नाताळ कार्यक्रमात तिने एका सहकाऱ्याबरोबर 'एस्पेशली फॉर यू' गायलं. व्हिडिओ ग्रुपवर आला आणि नवऱ्याची झोप उडाली. प्रश्न नेहमीचाच: मनात काही नसताना असं गाता येतं का?

पुरावा मात्र त्याने वेगळाच आणला होता. हे गाणं 1988च्या अखेरीस आलं. गाणारे कायली मिनोग आणि जेसन डोनोवन, म्हणजे 'नेबर्स' या ऑस्ट्रेलियन मालिकेतली लाडकी जोडी, शार्लीन आणि स्कॉट. जानेवारी 1989मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि ती दोघं तेव्हा खरोखर प्रेमात होती, फक्त जाहीर कबूल करत नव्हती. "आता बोला," तो म्हणाला.

पण कायली-जेसनचं जुळलं मालिकेच्या सेटवर, रोज एकत्र काम करताना. गाणं नंतरचं. शिवाय हेच गाणं याच नजरेने गाणाऱ्या, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेल्या जोड्या कराओकेत ढिगाने सापडतील. नजरेवरून 'हो' ठरत नाही आणि 'नाही'सुद्धा ठरत नाही.

नवरा तो व्हिडिओ रात्री दहा-बारा वेळा बघायचा आणि एकाच जागी थांबवायचा: दोघांनी मिळून ओळ उचलायची तिथे. पडद्यावर शब्द दिसतात, जोडीदार श्वास कधी घेतोय ते दिसत नाही. ओळ एकदम उचलायची तर क्षणभर आधी त्याच्याकडे बघावं लागतं, नाहीतर एक जण पुढे सुटतो. तिने हे समजावल्यावर दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी: "मग हसलीस कशाला?"

खुलाशाचं हे असंच असतं. संशयाला उत्तर मिळालं की जरा वेळ बरं वाटतं, म्हणून पुन्हा विचारावंसं वाटतं. त्यामुळे खुलासे बंद केले. रात्री जेवणानंतर 15 मिनिटं, त्यात एकच प्रश्न. दिवसभरात सुचेल ते वहीत लिहायचं. व्हिडिओ बघावासा वाटला तर 20 मिनिटं थांबायचं. तेवढ्यात ऊर्मी बरीच ओसरते. व्हिडिओ पुसायला आम्ही सांगितलं नाही, पुसलेली गोष्ट मनात जास्त मोठी होते. आणि सासूबाईंना मध्ये आणायचं नाही. हे सगळ्यात आधी मोडलं, चौथ्याच दिवशी. मग आठवडाभर घरात गाण्यापेक्षा सासूबाईंचाच विषय.

तिसऱ्या आठवड्यात वहीतून खरी तक्रार निघाली. तालमीच्या दिवसांत ती मडगावहून साडेआठला घरी यायची, मुलाचं जेवण-अभ्यास त्याच्यावर पडायचा, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. यावर बोलता येतं, तोडगाही निघतो: आठवड्यातून दोनच तालमी, साडेसातपर्यंत घरी, तारखा आधी ठरवून.

हा मार्ग दुखावलेल्या माणसासाठी आहे. नवरा फोन काढून घेतो, पगार ताब्यात ठेवतो, हात उगारतो, अशा घरात दोघांना एकत्र बसवणं चूक; तिथे बाईशी एकटीशी बोलतो आणि धोका असेल तर 112 हा आपत्कालीन क्रमांक.

शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, पुढच्या नाताळलाही तोच का? ती म्हणाली, त्याची पट्टी माझ्याशी जुळते. त्याने वही काढली आणि लिहून घेतलं.